वाटाण्याच्या झाडाला पाणी

ह्यांना जाऊन पंधरा दिवस झाल्यावर मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तेही एका कुंडीवरून. आधीचे पंधरा दिवस मला काहीच वाटत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. शाळेच्या ऑफिसात मी बावीस वर्षं दाखल्यांचं काम करते. रकान्यात जे असेल ते लिहायचं, नसेल तिथं आडवी रेघ ओढायची, ही सवय हातात भिनली आहे. त्या पंधरा दिवसांसमोर माझी आडवी रेघ आहे.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' आणि माघारी 'हे' म्हणत आले, इथंही तेच चालवते. हे शाहूपुरीत पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात काउंटरवर बसायचे. दुकानाचं गोडाऊन उचगावला. चार वर्षांपूर्वी एकदा गोडाऊनवरून येताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून एक झाड घेऊन आले. पसरट, उथळ कुंडी, तिच्या काठावरून दोऱ्यासारख्या बारीक वेली खाली लोंबत होत्या आणि प्रत्येक दोऱ्यावर हिरवेगार गोल मणी ओवलेले. कुंडीवर चिठ्ठी होती, 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स'. ह्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि अर्थही सांगितला, मोत्यांची माळ. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, चष्मा वर करून एक दोरा हातात धरला आणि म्हणाल्या, "ह्यो तर वाटाणा हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात ते वाटाण्याचं झाड झालं. मोती-बिती सगळं चिठ्ठीवर राहिलं.

मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत सकाळचं ऊन येतं, तिथं ह्यांनी गजाला सुतळी बांधून ते झाड टांगलं. फार उंच नाही, आत्यांच्या खांद्याएवढं, कारण त्यांना ते जवळून बघायचं असायचं. आणि मग ह्यांनी नियम जाहीर केला. झाडाला पाणी घालायचं नाही. रविवारी आंघोळ झाली की ते खिडकीपाशी जायचे, एक मणी चिमटीत धरून हलकेच दाबायचे. मणी टणक लागला तर तसंच परत यायचे. मऊ लागला, त्यावर सुरकुती दिसली, तर अर्धा पेला पाणी कुंडीच्या कडेकडेनं. थंडीत तर दोन-दोन आठवडे पाणी नाही. रोपवाटिकेतल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "पावणं, ह्ये झाड तहानेनं मरत न्हाय, पाण्यानं मरतंय. हात आवरता येत असंल तरच न्या." हे वाक्य त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. गॅसवाल्यालासुद्धा.

आता हा माणूस घरात इकडची काडी तिकडे न करणारा. चहा जिथं प्यायचा, कप तिथंच. टॉवेल कायम पलंगावर. आणि झाडापुढं मात्र डॉक्टरांसारखी नाडी बघत उभा. मी म्हणायचे, "माझा ताप कधी असा चिमटीत धरून बघितला नाहीत." ते हसायचे आणि म्हणायचे, "तू टणक आहेस." मला तेव्हा ते आवडायचं. एका हिवाळ्यात त्या झाडाला बारीक पांढरी फुलं आली, झुरळाच्या मिशांसारखे केसर बाहेर आलेली, दिसायला काही खास नाहीत. पण वास दालचिनीचा. ह्यांनी आम्हा दोघींना धरून धरून वास घ्यायला लावला. आत्या म्हणाल्या, "मसाल्याच्या डब्याचा वास येतोय की रं. वाटाण्याची उसळ केल्यागत." ते आठवडाभर दुकानात हेच सांगत होते.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. दुपारी तीनच्या सुमाराला दुकानातून फोन आला. काउंटरवर बसल्या बसल्या त्यांना कसंतरी झालं, दवाखान्यात नेलं, पण नेईपर्यंतच संपलं होतं. मला शाळेतून थेट दवाखान्यात नेलं. तिथं एका नर्सनं मला ह्यांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. शर्टाचा खिसा ओला होता. घामानं असेल, असं मी मनात म्हटलं आणि पिशवीची गाठ मारली.

घरी आणल्यावर आत्या त्यांच्या उशाशी बसल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, एकच मुलगा. मला वाटलं आता हंबरडा फोडतील. त्यांनी जमलेल्या पुरुषांकडं बघून एकच विचारलं, "तोंडात पाणी घातलं का कुणी?"

माणूस जाताना आपल्यापैकी कुणीतरी त्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालावं, अशी आमची रीत. तहानेला जाऊ नये म्हणून. पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं. दुकानातले लोक दारात होते, ते खाली बघत होते. मलाही तो प्रश्न ऐकू आला. मी कुणाला तरी विचारू शकले असते. पण कुणीतरी आत्यांना चपला घातलेल्या पायानंच ओलांडून गेलं होतं आणि मी फरशीवरच्या त्या पावलांच्या मातीकडं बघत होते. प्रश्न तसाच राहिला. आत्यांनी तो परत विचारला नाही.

मग सुतकाचे दिवस. सुतकात घरच्या माणसांनी देवाला दिवा लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून रोज पाचला उठतात, आंघोळ करतात आणि ओल्या केसांनी तांब्या भरून तुळशीला घालतात. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सुतकाचे दिवस सोडले तर तापातसुद्धा एक दिवस खाडा नाही. आता पुन्हा बारा दिवस तुळस त्यांना बंद झाली. खालच्या मजल्यावरच्या अक्का, ज्यांच्या घरून आम्हाला दूध येतं, त्या म्हणाल्या, "झाडाची काळजी करू नगा वैनी, मी हाय." रोज आठ वाजता त्या आपला तांब्या घेऊन यायच्या आणि बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालून जायच्या.

एकदा मी भिंतीला टेकून बसले होते. अक्का तांब्या हातात घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या आणि वाटाण्याचे दोरे तळहातावर घेऊन बघत होत्या. मला दिसलं एवढंच. दिसलं म्हणजे कळलं, असं त्या दिवसांत नव्हतं.

लोक यायचे आणि मला रडायला सांगायचे. ह्यांच्या एका चुलत बहिणीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत म्हणाली, "रड गं, मोकळी हो." मी तिच्या मांडीवर पडून ट्यूबच्या पट्टीवर किती माशा बसल्यात ते मोजत होते. ती दमली, तिनं चहा मागितला. बायका बाजूला जाऊन कुजबुजत होत्या की हिला धक्का बसलाय. मला वाटतं त्या मला चांगलं म्हणत होत्या. पुण्याहून आलेली माझी मुलगी रात्री माझ्याजवळ आतल्या खोलीत झोपायची आणि रडायची, मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. सकाळी सातपर्यंत मी डोळे मिटून पडून राहायचे. उठून करायचं काय, हे ठाऊक नव्हतं.

उत्तरकार्य झालं. मुलगी परत गेली. पंधरावा दिवस रविवार होता. आंघोळ करून बाहेर आले आणि पाय आपोआप खिडकीकडं वळले, रविवार होता ना. एक मणी चिमटीत धरला. तो फुटला. अंगठ्यावर चिकट पाणी आलं आणि कुजका वास. मग नीट बघितलं. दोरेच्या दोरे पिवळट, पारदर्शक झाले होते. माती काळी चिप्प. एक दोरा धरला तर मुळापासून सुटून हातात आला. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं होतं, त्यात गळलेले मणी तरंगत होते.

तेव्हा मला राग आला. डोक्यात झिणझिण्या येईपर्यंत आला. ओल्या केसांनी तशीच खाली गेले. अक्का दुधाच्या किटल्या घासत होत्या. मी तोंड सोडलं. ह्यांनी तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं, म्हटलं. तुळशीला पाणी घाला म्हटलं होतं, घरभर पाणी घाला म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणून एकच झाड होतं या घरात आणि तेवढं तुम्हाला राखता आलं नाही. आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही.

अक्का किटली हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चुकलं वैनी माझं. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी वर आले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांनी काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं, गरम जेवण गेल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुंडी पिशवीत घालून स्कूटीवरून उचगावला गेले. रोपवाटिकेतल्या माणसानं कुंडी लगेच ओळखली. "सायेब न्हाई आलं?" म्हणाला.

"ते नाहीत आता," मी म्हटलं. असं मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. तोवर सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं.

त्यानं कुंडी पिशवीवर उलटी केली, सडकी मुळं बोटानं बाजूला केली आणि म्हणाला, "पाणी लई झालंय. रोज घातलंय कुणीतरी." त्यानं एकेक दोरा हातावर घेऊन तपासला. जिथं मणी अजून टणक होते तेवढे तुकडे कात्रीनं कापले. बोटाएवढे सात तुकडे निघाले. बाकी सगळं त्यानं टोपलीत टाकलं. चार वर्षांचं झाड होतं, खिडकीच्या चौकटीखाली हातभर लोंबायचं.

मग त्यानं समजावून सांगितलं. तुकडे दोन-तीन दिवस सावलीत कागदावर वाळू द्यायचे, कापलेली टोकं सुकली पाहिजेत. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, त्यात विटेचे बारीक तुकडे. तुकडे खोचायचे नाहीत, मातीवर गोल गुंडाळून नुसते ठेवायचे, मुळं आपोआप खाली जातात. पाणी नाही. आठवड्यानं वाटलंच तर पिचकारीनं दोन फवारे. "मूळ धरंस्तवर हात आवरा वैनी," तो म्हणाला. "ह्यातलं एक जरी लागलं तरी झाड हुतंय. एक न्हाई लागलं तर न्हाई."

मी सगळं तसंच केलं. सात तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कपाटावर वाळवले. कुंडी गरम पाण्यानं घासली. नवी माती भरली, तुकडे वर ठेवले आणि कुंडी जुन्या जागी टांगली. शाळेत दाखले लिहिताना मध्येच ते सात तुकडे डोळ्यांपुढं यायचे. ह्यांचा फोटो मी अजून फ्रेम करायला टाकला नव्हता, पण तुकड्यांवर ऊन किती वेळ पडतं ते मला पाठ होतं. मला ते जगायला हवे होते. त्या महिन्यात मला दुसरं काहीही नको होतं.

चौथ्या दिवशी माती ओली दिसली. नुसती ओली नाही, चिखल. दोन तुकडे मऊ पडले होते, ते काढून टाकावे लागले. अक्का तर त्या भांडणानंतर वर फिरकल्याच नव्हत्या. दूध आत्याच दारात घेत होत्या.

पुढच्या सकाळी मी पाचलाच उठले आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत्या आंघोळ करून आल्या. ओले केस पाठीवर. सुतक संपलं होतं, त्यामुळं बाल्कनीत जाऊन त्यांनी तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. तांब्यात निम्मं पाणी त्यांनी ठेवलं होतं. ते घेऊन त्या खिडकीशी आल्या. डाव्या हातानं कुंडीचा काठ धरला, जसं लहान पोराची हनुवटी धरतात, आणि तांब्या वाकडा केला.

"घे रं बाळा," त्या म्हणाल्या. "पी. तान लागली असंल."

त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांच्या मते त्या हळू बोलत होत्या.

मी परत जाऊन अंथरुणावर पडले. मग सगळं आपोआप समजत गेलं. बारा दिवस तुळस बंद होती. पासष्ट वर्षं आंघोळीनंतर तांब्या उचलणारा हात, तो कुठं जाणार? तुळस देव आहे, तिला सुतक आहे. वाटाणा देव नाही, त्याला सुतक नाही, आणि तो मुलाचा होता. मी सातपर्यंत डोळे मिटून पडलेली असताना ह्या बाईनं आपल्या मुलाला रोज पाणी पाजलं होतं.

त्याच दिवशी खाली गेले. अक्कांनी मला बघितलं आणि किटली बाजूला ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"व्हय. दुसऱ्याच दिवशी दूध द्यायला आल्ते तवा बघितलतं की. दार उघडलं आत्याबाईंनी, हातात तांब्या. खाली फरशीवर पाणी गळत हुतं, ते मीच पुसलं."

"मग सांगितलं का नाहीत मला? नंतर आठला येऊन बघत उभ्या होतात, ते?"

"झाड कुजाय लागलंय का ते बघत हुते. सांगून काय करायचं वैनी? पोरगं गेलंय त्यांचं. त्यांना म्हणायचं व्हय, पाणी घालू नगा म्हणून?"

"आणि माझं एवढं तोंड ऐकून घेतलंत."

"घेतलं की. तुमचा राग कुठंतरी निघाय पायजेच हुता." मग त्यांनी मला बसायला पाट दिला आणि चहा टाकला. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि साखर किती ते विचारलं.

आता मी कात्रीत सापडले होते. आत्यांना थांबवायचं तर सांगावं लागणार की तुमच्या पाण्यानं तुमच्या मुलाचं झाड मेलं. न सांगावं तर उरलेले पाच तुकडे आठवड्यात जाणार. मी पळवाट काढली. पाच तुकडे एका वाडग्यात वाळू घालून स्वयंपाकघरातल्या खिडकीवर वर ठेवले, जिथं आत्यांचा हात पोचत नाही, आणि खिडकीत नुसती मातीची कुंडी टांगून ठेवली. चहाच्या वेळी आत्या म्हणाल्या, "वाटाणा कुठं गेला गं?"

"छाटलाय. येईल परत."

"मग त्याला जादा पाणी लागंल," आत्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ण तांब्या घालायला लागल्या. मोकळ्या कुंडीतून पाणी ताटलीत, ताटलीतून फरशीवर. एकदा त्यांचा पाय सरकता सरकता राहिला. मी फरशी पुसत होते आणि मला कळत होतं की मी किती दिवस पुसत राहिले तरी हे संपणार नाही. त्यांचा प्रश्न ह्यांना घरी आणलं त्या दिवसापासून तसाच उघडा होता आणि उत्तर आणून देणारी मीच होते. दारात उभ्या दुकानातल्या लोकांपर्यंतची पंधरा पावलंही मी चालून गेले नव्हते.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा झाल्यावर शाहूपुरीत गेले. दुकानात ह्यांच्या शेजारच्या काउंटरवर बसणारे गृहस्थ आता वयस्कर आहेत, वीसेक वर्षं दोघं शेजारी बसले. ह्यांचा काउंटर मोकळा होता, वर कुणीतरी पाइपांचे जोड ठेवले होते. मला बघून ते उठले आणि आपलं स्टूल मला दिलं.

मी वळसे घातले नाहीत. "त्या दिवशी ह्यांना कुणी पाणी दिलं होतं का?"

"वैनी, तुम्ही विचाराल म्हणून मी रोज वाट बघत हुतो," ते म्हणाले. "कुणी विचारलंच न्हाई. दारात म्हातारीनं विचारलं तवा माझी जीभच उचलंना." मग सांगितलं. हे म्हणाले, जरा कसंतरी होतंय. डोकं काउंटरवर टेकवलं. त्या गृहस्थांनी माठातलं पाणी पेल्यात घेऊन ह्यांच्या तोंडाला लावलं. "पर दात मिटलं हुतं वैनी. लई केलं. समदं पाणी शर्टावर सांडलं. थेंब आत गेला न्हाई."

खिसा भिजला होता तो असा.

माठावर स्टीलचा पेला उपडा घातलेला होता. तोच असेल. मी विचारलं नाही. कुणीतरी येऊन वॉशर मागितला, त्यांनी तो दिला.

घरी आले तर आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली. त्यांच्या बऱ्या कानाकडं तोंड करून म्हटलं, "आत्या, दुकानात जाऊन आले. त्या दिवशी ह्यांनी पाणी प्यालं होतं."

त्यांचा हात थांबला.

"पेलाभर. शेजारच्या काउंटरवरच्यांनी दिलं, आणि ह्यांनी प्यालं. मग टेकले."

"समदं प्याला?"

"सगळं."

बावीस वर्षं मी नसलेली गोष्ट रकान्यात लिहिलेली नाही. एका मंत्र्याच्या माणसानं जन्मतारीख बदलून मागितली होती, त्यालाही बाहेर काढलं होतं. पण हे माझ्या तोंडातून इतकं सरळ आलं की मलाच पटलं.

आत्यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "गार हुतं का?"

"माठातलं होतं."

"मग गार असंल," त्या म्हणाल्या, आणि मेथीची पानं खुडायला लागल्या. "संगं बसणारं माणूस म्हंजे घरचंच की. आपल्याच माणसानं दिलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाचला उठून दारात उभी राहिले. आत्यांनी तुळशीला पाणी घातलं. निम्मा तांब्या घेऊन खिडकीशी आल्या. कुंडीचा काठ धरला. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग तांब्या घेऊन परत स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर त्यांनी कुंडीत पाणी घातलं नाही. मी आणखी आठवडाभर पाळत ठेवली, मग वाडग्यातले पाच तुकडे पुन्हा कुंडीत आणून ठेवले. आत्या म्हणाल्या, "ह्याला रविवारीच पाणी, न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांना ठाऊक होतंच, मुलानं त्यांनाही दहा वेळा ऐकवलं होतं.

पाचातले तीन लागले. महिन्यानं एक तुकडा बोटानं हलकेच ओढून बघितला तर तो मातीला धरून होता. टोकाला मोहरीएवढे नवे मणी आले. मी घरी कुणाला ते सांगितलं नाही. माझं बाकी सगळं तसंच चाललं होतं, शाळा, डबा, ह्यांच्या नावाचे अर्ज. कुणी विचारलं तर मी बरी आहे म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

मग एक रविवार आला. आंघोळ करून खिडकीशी गेले, मणी चिमटीत धरला. मऊ होता. एका बाजूला बारीक सुरकुती. म्हणजे पाणी द्यायची वेळ. पुन्हा लावल्यापासून त्याला पेल्यानं पाणी कधी दिलंच नव्हतं, नुसते फवारे मारले होते. अर्धा पेला घेऊन आले. कडेकडेनं घालायचं, ह्यांच्यासारखं, हे मनात पक्कं होतं.

कुंडीचा काठ मी डाव्या हातानं धरला, तो का धरला ठाऊक नाही. आणि माझ्या तोंडातून आलं, "घ्या."

एवढंच. पण त्यानंतर माझा हात थांबेना. मिटलेले दात मला दिसत होते, शर्टावरून ओघळणारं पाणी दिसत होतं, आणि मी ओतत होते. अर्धा पेला संपला. ओट्यावरचा तांब्या आणला, त्यातलं ओतायला लागले. पाणी ताटलीतून पायावर पडत होतं. तीन तुकडे उरलेत, ते मरतील, हे मला स्वच्छ कळत होतं आणि मी ओतत होते. ह्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, मला आणि त्या काउंटरवरच्यांना, की एक थेंब आत गेला नाही.

आत्या मागून आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. हात सुरकुतलेला, पण पकड घट्ट.

"बास कर," त्या म्हणाल्या. "प्यालाय त्यो."

त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, कुंडी तिरपी करून जादाचं पाणी खिडकीतून बाहेर जाऊ दिलं आणि ताटली पदरानं पुसली. मी तिथंच उभ्याउभ्या रडायला लागले. आत्यांनी मला थोपटलं नाही. फरशी पुसायचं फडकं आणायला त्या आत गेल्या.